‘स्टर्लिंगला तीन रात्री ३२० पौंडांत’ ठीक आहे, पण गुडघ्यांचं काय?

कृष्णाकाठ

भटक्या_८१ यांनी परवा इथल्या लेखात लिहिलं की स्कॉटलंडला गेल्यावर ऑगस्टात एडिंबरात राहणारे ते येडे. जवळच्या स्टर्लिंगला राहा, दोघांना तीन रात्री नाश्त्यासकट ३२० पौंड, "डोळे मिटून बुक करा". साहेब, तुमचाच असला एक जुना लेख वाचून मी गेल्या वर्षी डोळे मिटूनच बुक केलं होतं. उघडले ते थेट जिन्यासमोर.

आई ७१, बाबा ७६. गेस्ट हाउस दगडी, देखणं. फोटोत शेकोटी, जाड पडदे, बशीत शॉर्टब्रेड. खोली दुसऱ्या मजल्यावर हे फोटोत कसं दिसणार? लिफ्ट नाही, कधी होणारही नाही, कारण असल्या इमारती संरक्षित असतात, भिंतीला भोक पाडायचं तरी परवानगी लागते. गोल वळणाचा अरुंद जिना आणि तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. मालकीणबाई स्वभावाने लाख, पण त्याही सत्तरीच्या. त्यांना कुठे उचला म्हणू?

खरी गंमत न्हाणीघरात. टब. त्यात चढायचं आणि आत उभं राहून शॉवर घ्यायचा. आईने भिंतीला हात लावून एक पाय उचलला, तसाच दोन सेकंद धरला आणि खाली ठेवला. म्हणाली, "राहू दे, मी पुसून घेते अंग." तीन दिवस पुसून घेतलं. हे तुमच्या ३२० पौंडांत कुठल्या रकान्यात धरलंय?

आणि "सगळं स्टेशनपासून चालत" म्हणे. स्टर्लिंगचा किल्ला ज्वालामुखीच्या कातळावर आहे हो! स्टेशनपासून वर फरसबंद चढ. बाबा एका बाकावरून दुसऱ्या बाकावर असे किल्ल्यात पोचले. आरामशीर आणि स्वस्त हे शब्द जोडीने लिहायचे असतील तर कुणाला आराम, तेही लिहीत चला.

भटक्या_८१

मी "दोघांसाठी" असं स्पष्ट लिहिलं होतं. मी आणि बायको, दोघं चाळिशीतले. उद्या तिथल्या वॉलेस मॉन्युमेंट या मनोऱ्याच्या २४६ पायऱ्याही माझ्याच नावावर टाका.

मूळ मुद्दा तसाच आहे. एडिंबरात फ्रिंज हा ऑगस्टातला कलामहोत्सव चालू असताना साध्या खोलीला दीड-दोनशे पौंड मागतात. २४ जुलै २०२६ पासून तिथे खोलीच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक कर, पहिल्या पाच रात्रींवर. स्टर्लिंगहून वेव्हर्ली, म्हणजे एडिंबरचं मुख्य स्टेशन, रेल्वेने पाऊण-एक तास. ठाण्याहून चर्चगेट गाठणाऱ्यांना यात त्रास कसला?

रिकामटेकडा

सकाळच्या गाडीला पीक अवरचं (गर्दीच्या वेळेचं) महाग तिकीट लागतं ते धरलंत का? आमचे चौघांचे वाचलेले पैसे रेल्वेने परत घेतले.

डनब्लेनकर

स्कॉटरेलने (इथली रेल्वे कंपनी) पीक भाडं १ सप्टेंबर २०२५ पासून कायमचं बंद केलंय. आता दिवसभर एकच दर.

रिकामटेकडा

बरं. आम्ही २०२३ च्या ऑगस्टात गेलो होतो. आम्हाला कुणी ते पैसे परत दिले नाहीत, एवढंच म्हणतो.

नवखी_वारी

मध्येच विचारते, माफ करा. धाकट्या बहिणीचा स्टर्लिंग विद्यापीठात पदवीदान समारंभ आहे, जूनच्या शेवटी. आई, बाबा, आत्या आणि मी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चौघांना एक फॅमिली रूम मिळेल का? अजून व्हिसाचा अर्ज करायचाय.

भटक्या_८१

आणि कृष्णाकाठ, तुम्ही गेस्ट हाउसच का घेतलंत? साखळी हॉटेल घ्यायचं. लिफ्ट असते, खोली जगात कुठेही सारखीच.

कृष्णाकाठ

घेतलं होतं की, त्याच्या आदल्या खेपेला! नावात "स्टर्लिंग", प्रत्यक्षात पिर्नहॉलला, मोटरवेच्या फाट्यावर. शहर अडीच-तीन मैल. आजूबाजूला पेट्रोल पंप आणि ट्रक. रोज जाऊन-येऊन टॅक्सी. म्हणजे शिरवळ फाट्यावर उतरवायचं आणि सांगायचं, "हेच पुणे."

मावशी_ठाणे

मला एक सांगा, नाश्त्याचं कुणीच का लिहीत नाही? "नाश्त्यासकट" म्हणजे आमच्यासारख्यांना काय? आमच्या ह्यांनी ब्लॅक पुडिंग गोडाचं समजून दोन चकत्या वाढून घेतल्या. अर्धी खाल्ल्यावर मी त्या मुलीला विचारलं, काय असतं यात. तिने हसत सांगितलं, डुकराचं रक्त आणि ओट्स. हे दिवसभर बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी इलेक्ट्रिक कुकर घेऊनच फिरते. खोलीत मुगाची खिचडी, वर मेतकूट. दोघांचा दिवसाचा तीस पौंडांचा खर्च वाचतो आणि पोटही शांत. हॉटेल स्वस्त करायचं तर आधी जेवण स्वस्त करा.

डनब्लेनकर

मावशी, रागावू नका, पण हे कृपया करू नका. आणि असे सल्ले तर मुळीच देऊ नका.

मावशी_ठाणे

का? चोरी करते का मी? भाडं भरते खोलीचं.

डनब्लेनकर

खोलीचं भरता, स्वयंपाकघराचं नाही. मी दहा वर्षं इथे स्कॉटलंडात राहतो. माझ्या सासूबाई आल्या तेव्हा घर लहान, म्हणून त्यांना आणि मेहुण्याला जवळच्या एका छोट्या हॉटेलात उतरवलं. रात्री साडेदहाला मेहुण्याने खिचडीवर फोडणी द्यायचं ठरवलं. छोटी इंडक्शन शेगडी, छोटी कढली. मोहरी तडतडली, हिंग पडला आणि अलार्म. अख्खं हॉटेल गाड्यांच्या अंगणात, पावसात. एक जर्मन सायकलवाला टॉवेलवर. एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन. फायर इंजिन आलं. सासूबाई शाल डोक्यावरून घेऊन मला विचारत होत्या, "कुठे लागली रे आग?" हातात कढली तशीच. सकाळी मॅनेजरने काही बोलून दाखवलं नाही, नुसता गालिच्यावरचा हळदीचा डाग दाखवला. मी भरपाई दिली. त्या हॉटेलवरून जाताना अजून मान खाली घालतो.

मावशी_ठाणे

फोडणी खोलीत देतं का कुणी! ती घरून कोरडी करून डबीत न्यायची. मेहुण्याला अक्कल नाही, त्यात कुकरचा काय दोष?

रिकामटेकडा

+१. नुसत्या वाफेने काही होत नाही.

डनब्लेनकर

वाफेनेही होतं. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून कढत पाण्याचा शॉवर घेतला तरी काही ठिकाणी वाजतो.

वैतागवाडी

वर्षानुवर्षं तेच. परदेशात जायचं आणि किटलीत अंडी उकडायची. नंतर त्याच किटलीत दुसरा कुणी चहा करणार, याचं काही सोयरसुतक? आपल्या लोकांमुळे बाकीच्या भारतीयांकडे तिरकं बघतात. खिचडीच खायची तर घरी बसा ना.

मावशी_ठाणे

अंड्याला मी हात लावत नाही, आधी ते नीट वाचा. आणि घरी बसा म्हणणारे तुम्ही कोण? ह्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन आहे. संध्याकाळी सातला पोटात अन्न गेलंच पाहिजे. स्टर्लिंगला रविवारी संध्याकाळी आम्ही पाऊस झेलत तीन दारं पालथी घातली. एकाकडे जागा नाही, दुसऱ्याचं किचन बंद, तिसऱ्याकडे शाकाहारी म्हणजे चिप्स. ह्यांचे हात थरथरायला लागले. मी फुटपाथवर उभी राहून पर्समधला राजगिऱ्याचा लाडू भरवला. तुमचं सोयरसुतक तेव्हा कुठे होतं?

वैतागवाडी

...

ते वेगळं. आजारपणाबद्दल बोलत नव्हतो. किटलीचं मत मात्र कायम आहे.

भटक्या_८१

धागा हॉटेलचा होता, आता पाककृती विभागात हलवा.

मावशी, तुमच्यासाठी सेल्फ-केटरिंग फ्लॅट. ओटा, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं. चौघांत हॉटेलपेक्षा स्वस्त.

कृष्णाकाठ

पुन्हा "स्वस्त"! फ्लॅट म्हटलं की किमान तीन-चार रात्री, वर साफसफाईचे वेगळे पैसे. आणि बरेचसे जुन्या चाळवजा इमारतीत, दगडी सामाईक जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर. मी आणि माझा जिना, आमची सुटका नाही.

डनब्लेनकर

फ्लॅट घ्याच, पण जाहिरातीत परवाना क्रमांक आहे का बघा. स्कॉटलंडमध्ये असल्या अल्पमुदतीच्या भाड्याला कौन्सिलचा परवाना लागतो, १ ऑक्टोबर २०२३ पासून जुन्या यजमानांनाही. जाहिरातीत तो छापायचाच असतो. नसेल तर पुढे जा.

बाकी, मावशींची मी केलेली टिंगल थोडी मागे घेतो. रविवारी संध्याकाळी जेवणाची वानवा असते हे खरं. स्टर्लिंग म्हणजे सदतीस-अडतीस हजार वस्तीचं गाव, आपल्या वाईएवढं. "सिटी" हा दर्जा २००२ साली राणीच्या सुवर्णमहोत्सवात मिळाला म्हणून रात्रभर हॉटेलं उघडी राहत नाहीत. पण खोलीतली खिचडी सुपरमार्केटच्या मायक्रोवेव्ह भातापेक्षा काय मोठी चांगली लागते?

मावशी_ठाणे

मायक्रोवेव्ह भात. शिव शिव. मागे घेतलंत ते पुन्हा पुढे घ्या.

नवखी_वारी

माझा प्रश्न वर राहिला बहुतेक.

डनब्लेनकर

अरे हो, तुझं राहिलंच. ऐक. फॅमिली रूम विसर. साखळी हॉटेलांत फॅमिली रूम म्हणजे बहुधा दोन मोठे आणि सोळाखालची दोन मुलं. चार मोठी माणसं त्यात बसत नाहीत, "ॲडजस्ट" करून घेत नाहीत. दोन खोल्या घे. आई-बाबांना डबल चालेल, पण तुला आणि आत्याला "ट्विन" माग, नाहीतर एका गादीवर दोघी आणि रात्रभर एकाच रजईची ओढाओढ. आईसाठी "वॉक-इन शॉवर" असाच शब्द लिहून विचार, आणि तळमजला किंवा लिफ्ट. उत्तर ईमेलवर घे, फोनवर नको.

जूनअखेर पदवीदानाचा आठवडा. सगळ्या जगाचे आईबाप एकाच वेळी येतात, दर चढतात, तेव्हा आत्ताच बघ. आवार गावात नाही, वॉलेस मॉन्युमेंटच्या पायथ्याशी, ब्रिज ऑफ अ‍ॅलनच्या बाजूला आहे. ब्रिज ऑफ अ‍ॅलन स्टर्लिंगहून रेल्वेने एक स्टेशन. छोटं, सपाट मुख्य रस्ता, चहाची दुकानं. मी असतो तर तिथेच राहिलो असतो. उन्हाळ्यात विद्यापीठही आवारातल्या खोल्या भाड्याने देतं, पण त्या आठवड्यात आहेत का ते बहिणीला विचारायला सांग.

कृष्णाकाठ

आणि व्हिसा हातात येईपर्यंत "नॉन-रिफंडेबल" घेऊ नकोस. आम्ही पंचवीस पौंड वाचवायला घेतलं, बाबांचा पासपोर्ट अडकला, दोन रात्रींचे पूर्ण पैसे बुडाले. रद्द करता येणारा दर घे.

किल्ल्यावर वरच्या पटांगणापर्यंत टॅक्सी जाते. हे मला टॅक्सीवाल्यानेच सांगितलं, उतरताना. तो पिवळाजर्द ग्रेट हॉल आईला मात्र फार आवडला. "लग्नाचा हॉल वाटतो," म्हणाली. चढाबद्दल चकार शब्द नाही. चढाची तक्रार माझी एकट्याचीच होती हे इथे नाइलाजाने नोंदवतो.

भटक्या_८१

नोंद घेतली, दिनांकासह.

माझ्या लेखात ओळ वाढवलीय: "लिफ्ट नाही, टब आहे, साठीच्या पुढच्यांनी आधी विचारून घ्यावं." ३२० पौंड तसेच ठेवलेत. ते खरे आहेत.

रिकामटेकडा

जूनमध्ये जाताय तर डोळ्यांवरची पट्टी न्या. रात्री दहापर्यंत उजेड, साडेचारला पुन्हा सूर्य. आणि एसीची वाट बघू नका, नसतो. खिडकीही चार बोटंच उघडते.

वैतागवाडी

पट्टी कसली, तो जाड पडदा असतो ना शेकोटीच्या फोटोत.

नवखी_वारी

सगळ्यांचे आभार. ब्रिज ऑफ अ‍ॅलनला दोन खोल्या मिळाल्या, दोन्ही तळमजल्यावर, रद्द करता येणाऱ्या. एक ट्विन. वॉक-इन शॉवरचं उत्तर ईमेलवर आलं, फोटोसकट. आत्याने कुकरबद्दल विचारलं तेव्हा मी तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणते, ठाण्याच्या मावशींचा फोन नंबर मिळेल का.