जुन्या कोरीव दाराचा टीपॉय करावा का?

माजघर:
परवा एका दुकानात टीपॉय पाहिला. विकणारा म्हणाला, मुघलकालीन. वाकून बघितलं तर ते हवेलीचं दार निघालं, मधोमध कापलेलं. करवत नेमकी कमळावरून गेलेली. खोबणींत लाल-हिरवा रंग अजून होता. फार वाईट वाटलं.

मुघल दरबाराची बैठक जमिनीवरची. गालिचे, लोड, तक्के; लाकडात तख्त, चौक्या, पेट्या, कलमदानं. १६३५ साली शाहजहान मयूरासनावर बसला, तेही तख्तच. गुजरात-सिंधच्या कारागिरांनी हस्तिदंत जडवलेली खणांची कपाटं केली, पण पोर्तुगिजांसाठी. गोव्यातल्या तसल्या कपाटांना तर नागिणींच्या आकृतींचे पाय असत. मुघलांचा टीपॉय आला कुठून? एका खोट्या नावासाठी खरं दार मारलं जातंय.

रंधा:
जुन्या लाकडाचा आमचा धंदा, वडिलांपासूनचा. नाव खोटं, मान्य. बाकी अजिबात पटलं नाही. वाडा पाडतात तेव्हा दारं, तुळया, गणेशपट्ट्या वजनावर जातात, उरलेलं बंबात. सात फुटी दार वन बीएचकेत कोण उभं करणार? टीपॉय झाला म्हणून निदान ते कमळ कुणाच्या तरी घरात आहे.

माजघर:
अर्धं कमळ! दार म्हणजे नुसती नक्षी नव्हे. कडी-कोयंडा, अडसराची खाच, हात लागून झिजलेली कड, सगळं मिळून दार. तुम्ही लाकूड वाचवता, वस्तू नाही.

शिसवी:
माजघर यांच्या बाजूनं एक भर, खोटा काळ कसा ओळखायचा याची. फळीच्या पाठीवर कमानीसारखे ओरखडे दिसले तर ती गोल करवतीची, यंत्रावरची. भेगांच्या आतही रंग उतरला असेल तर तो नंतर दिलेला. आणि १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरची अशी कलावस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. मला एकानं "मुघलकालीन" पेटी न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवून देतो म्हणून सांगितलं. वस्तू खरी असेल तर पाठवणं गुन्हा, नाहीतर काळ खोटा. मी घेतली नाही.

रंधा:
मी यापुढे बिलावर काळ लिहिणार नाही, "जुनं सागवान" एवढंच लिहीन. पण अख्ख्या दाराला गिऱ्हाईक नाही, हे तुम्ही दोघं ऐकतच नाही. आत्ता गोदामात एक जोडी आहे, चौकट आणि कडी-कोयंड्यासकट. महिनाभर करवत लावत नाही. कुणाकडे उभी करायला भिंत असेल तर इथेच कळवा.