मदत हवी आहे: स्नो चेन बसत नाहीये, २१ तारखेला निघायचंय

सातपूरकर | १३ डिसेंबर, रात्री ११:४८

मनालीला चाललोय. २१ ला पहाटे नाशिकहून निघणार, बायको, दोन मुलं आणि सासरे सोबत. ऑनलाइन स्नो चेन (बर्फात घसरू नये म्हणून चाकावर चढवायची साखळी) मागवली आणि आज पार्किंगमध्ये लावून बघितली, तर बसत नाहीये. चाकामागची केबल जोडली की पुढचा हुक चार बोटं अलीकडेच राहतो. पुढचा ओढून अडकवला की मागची सुटते. दीड तास झटापट केली, वॉचमन उभा राहून बघत होता. साइज बघूनच घेतली होती, त्यामुळे ते कृपया विचारू नका. हवा थोडी कमी केली तर बसेल का? परत करायची मुदत १६ पर्यंत आहे, लवकर सांगा. "विमानाने जा" वगैरे सल्ले नकोत.

चिवडा_कमी_तेल | १३ डिसेंबर, रात्री ११:५९

गाडी कोणती? टायरची साइज काय? खोक्यावर काय छापलंय? एवढं न सांगता लवकर सांगा म्हणताय, आम्ही काय पंचवटीतले ज्योतिषी आहोत का?

आग्रारोड | १४ डिसेंबर, सकाळी ६:२०

भाऊ, मी स्कॉर्पिओ घेऊन दोनदा जाऊन आलोय. चेन कायम मागच्या चाकांना लावायची. तुम्ही पुढे लावत असाल म्हणून बसत नसेल. पुढची चाकं वळतात, तिथे चेन घासते. मागे लावा, काम फत्ते.

बेअरिंग | १४ डिसेंबर, सकाळी ७:०५

आग्रारोड, चुकीचं सांगताय. तुमची स्कॉर्पिओ मागच्या चाकांवर चालते म्हणून तुम्ही मागे लावली. चेन ओढणाऱ्या चाकांना लावायची असते. यांची गाडी कुठली ते अजून कळलंच नाही, पण आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्ही पुढून ओढतात. त्यांच्या मागच्या चाकांना चेन बांधली तर पुढची चाकं बर्फात नुसती गरगरतील.

आग्रारोड | १४ डिसेंबर, सकाळी ७:३१

मी प्रत्यक्ष चालवून आलोय. मॅन्युअल वाचून बोलत नाही.

बेअरिंग | १४ डिसेंबर, सकाळी ७:३८

मी अंबडला अठरा वर्षं गाड्यांचे सस्पेन्शनच करतो, पण असो. एक मात्र तुमच्या बाजूने सांगतो. फक्त पुढे चेन असली की उतारावर ब्रेक दाबल्यावर मागचा भाग सुटून गाडी आडवी होऊ शकते. म्हणून उतरताना पहिला-दुसरा गियर आणि इंजिनानेच गाडी आवरायची. ब्रेक हलका, स्टिअरिंगला झटका नाही.

द्राक्षवाला_निफाड | १४ डिसेंबर, सकाळी ८:१२

डिझेल गाडी असेल तर सांभाळा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल आणलं ते त्यासाठीच. बाकी बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला जाता, या दिवसांत पहाटे आमच्याकडे या. द्राक्षाच्या पानांवर दव गोठलेलं दाखवतो. आम्ही बागेत शेकोट्या पेटवून रात्र काढतो आणि लोक थंडी विकत घ्यायला जातात.

सातपूरकर | १४ डिसेंबर, सकाळी ९:४०

पेट्रोल आहे. ब्रेझा, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली. टायर २०५/६० आर१६, चेनच्या खोक्यावरच्या यादीतही तीच साइज आहे. पुढच्याच चाकांना लावत होतो. आता तरी हवेचं सांगा.

बेअरिंग | १४ डिसेंबर, सकाळी ९:५५

हवा कमी करून चेन बसवायचा विचार सोडून द्या. हवा काढली की टायर खाली चपटा होतो, टायरच्या आतल्या पट्ट्यांमधली तार लांबत नसल्याने घेर जवळपास तेवढाच राहतो. परत चेनसकट टायर रिमवरून सरकला तर रस्त्याच्या कडेला बसून रडाल. उलट थंडीत हवा आपोआप कमी होते, मनालीत पोचल्यावर तपासून भरून घ्या.

लेखणी_आणि_टाक | १४ डिसेंबर, सकाळी १०:१०

अवांतर: "स्नो चेन" ऐवजी "हिमसाखळी" असा सुटसुटीत शब्द आहे. आपणच वापरले नाहीत तर रुळणार कसे?

चिवडा_कमी_तेल | १४ डिसेंबर, सकाळी १०:१४

रुळेल हो, आधी चाकावर बसू द्या.

झटपट | १४ डिसेंबर, सकाळी ११:०२

चेन परत करा आणि प्लास्टिकचे पट्टे घ्या, झिप टायसारखे. अलॉयच्या फटीतून ओवायचे आणि ओढायचे, दहा मिनिटांत दोन्ही चाकं. मी दोन वर्षांपूर्वी घेतलेत, अजून डिकीत आहेत. एकदम हलके.

घाटवाट | १४ डिसेंबर, सकाळी ११:२०

वापरलेत का? "डिकीत आहेत" हे कळलं. माझ्या मेहुण्याने कुफ्रीजवळ लावले होते. बर्फ संपून डांबर लागलं तसे पाचशे मीटरमध्ये दोन तुटले, त्यातला एक चाकाच्या खाचेत अडकून आतलं प्लास्टिक फाडून गेला. गाळात रुतलेली गाडी बाहेर काढायला ठीक. चढाला त्याच्यावर भरवसा नको.

सातपूरकर, नेमकं जायचंय कुठे ते सांगा. रोहतांग म्हणत असाल तर ३,९७८ मीटरवरची ती खिंड हिवाळ्यात बंदच असते. लोक आता अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जातात, २०२० पासून तो ९ किलोमीटरचा बोगदा सुरू आहे. गोची बोगद्यात नाही, सोलंगपासून बोगद्याच्या तोंडापर्यंतच्या चढाला आहे. बर्फ पडला की पोलीस खालीच अडवतात आणि फक्त फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी) किंवा चेन लावलेली गाडी वर सोडतात. २०२४ ला नाताळाच्या तोंडावर त्याच पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या.

सातपूरकर | १४ डिसेंबर, दुपारी १:१५

हो, सिस्सूलाच. मुलांना बर्फात खेळवायचंय. सासऱ्यांनी सिमला १९८८ ला पाहिलं त्यावर आजतागायत बोलतात, म्हणून सगळे. फोटो टाकलाय, बघा.

चहाबिस्कीट | १४ डिसेंबर, दुपारी २:०४

फोटो मोठा करून बघितला. दादा, ज्या चाकावर चेन पसरली आहे त्याच्या कडेला २२५/५५ आर१७ लिहिलेलं दिसतंय. तुम्ही २०५/६० आर१६ कुठे वाचलंत?

सातपूरकर | १४ डिसेंबर, दुपारी २:३०

स्टेपनीवर. डिकी उघडीच होती, म्हणून तिथलंच बघितलं. पाचही टायर सारखेच असतात ना?

चिवडा_कमी_तेल | १४ डिसेंबर, दुपारी २:३१

🙏

चहाबिस्कीट | १४ डिसेंबर, दुपारी २:४५

आधीच्या मालकाने चार चाकांना मोठे अलॉय बसवलेत आणि स्टेपनी कंपनीची तशीच ठेवलीये. हिशेब करा. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, तिचे ६० टक्के म्हणजे कडेची उंची १२३, वर-खाली मिळून दुप्पट २४६, अधिक सोळा इंची रिम ४०६, एकूण ६५२ मिलिमीटर. तुमचं चाक येतं ६७९ च्या आसपास. परिघात जवळपास साडेआठ सेंटीमीटरचा फरक. तुमची चार बोटं तीच.

बेअरिंग | १४ डिसेंबर, दुपारी ३:१०

ताईंनी बरोबर पकडलं. पण आता लगेच १७ ची चेन मागवू नका. पुढचं चाक पूर्ण वळवा आणि टायरच्या आतल्या कडेमागे, शॉकॲब्सॉर्बरच्या बाजूला हात घाला. किती जागा आहे ते बघून सांगा. साध्या चेनची कडी नऊ ते बारा मिलिमीटर जाड असते, फिरताना ती आणखी थोडी बाहेर फेकली जाते.

सातपूरकर | १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

आत्ताच मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. करंगळी जाते, तीही दाबून.

बेअरिंग | १४ डिसेंबर, रात्री ८:०५

मग या अलॉयवर कुठलीच चेन लावू नका. कडी शॉकॲब्सॉर्बरला किंवा ब्रेकच्या पाइपला घासेल. पाइप गेला तर घाटात ब्रेकच नाही. कंपनीच्या मापाचे चार १६ चे रिम-टायर कुणाकडून आठवड्यासाठी मिळत असतील तर बघा. मिळाले तर आधी त्यावरही तीच करंगळी घालून खात्री करा, आणि गाडीचं मॅन्युअल चेनबद्दल काय म्हणतंय ते वाचा. फक्त पुढचे दोन बदलू नका. पुढे-मागे वेगळ्या घेराची चाकं झाली की एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गोंधळतं.

आग्रारोड | १४ डिसेंबर, रात्री ८:४०

म्हणून सांगतो, स्कॉर्पिओ घ्या.

रिंगरोडवासी | १४ डिसेंबर, रात्री ९:१५

सिंहस्थाची खोदकामं चालू आहेत. ती चेन नाशिकमध्येच वापरता येईल, मुंबई नाका ते द्वारका.

घाटवाट | १४ डिसेंबर, रात्री १०:००

रिम मिळाले तर निघायच्या आधी चेन लावायचा सराव घरी दोनदा करा. चेन जमिनीवर पसरायची, पीळ काढायचे, कड्यांची टोकं टायरकडे येऊ द्यायची नाहीत. केबल चाकामागून वळवून वर आधी जोडायची, मग पुढचे हुक, शेवटी ताण. गाडी पन्नास-शंभर मीटर चालवून उतरायचं आणि परत आवळायचं, हे सगळेच विसरतात. नारकंड्याला मी विसरलो होतो, सैल पडलेलं टोक फेंडरवर असं आपटायला लागलं की बायकोला वाटलं कुणी दगड मारतंय. वेग तीस-चाळीसच्या वर नाही. डांबर दिसलं की काढायची.

चढ सुरू व्हायच्या आधी सपाटीवर लावा. गोणपाट, रबरी हातमोजे आणि कपाळाला लावायची बॅटरी जवळ ठेवा. लोकरी हातमोजे भिजले की बोटं मेलीच समजा. रात्री पार्क करताना हँडब्रेक न ओढता गियरमध्ये ठेवा, नाहीतर सकाळी ब्रेक गोठलेला सापडेल.

झटपट | १४ डिसेंबर, रात्री १०:२२

कापडी मोजेही मिळतात चाकाचे. पातळ असतात, करंगळीएवढ्या जागेत बसतील.

घाटवाट | १४ डिसेंबर, रात्री १०:३५

हे मात्र बरं सुचवलंत. पण कंपनीने सांगितलेली जागा मोजून घ्या, डांबरावर लवकर झिजतात, आणि नाक्यावर चालतील का ते मनालीतल्या हॉटेलवाल्याला आधी फोन करून विचारा.

सातपूरकर | १६ डिसेंबर, सकाळी ८:०५

रिम मिळाले नाहीत. सिडकोतल्या एकाने चार दिवसांचे इतके पैसे सांगितले की तेवढ्यात सासऱ्यांना एकट्याला पुन्हा सिमला दाखवता आलं असतं. गाडी मनालीत हॉटेलवर ठेवणार, सिस्सूला तिथली फोर बाय फोर टॅक्सी करून जाणार. सासरे म्हणतात, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. सांगितलं होतं.

चेन परत गेली नाही. खोकं फोडल्यामुळे नाही म्हणाले. कुणाला हवी असेल तर आहे, २०५/६० आर१६ साठी. पार्किंगमध्ये अर्धी चढवली होती तेवढीच वापरलीये. सातपूरला येऊन घेऊन जा. येताना टायर बघून या, स्टेपनी नको.