मदत हवी आहे : समुद्रात कयाक, डॉल्फिन आणि गुडघे दुखणारी आई

गोदाकाठची

मंडळी, नमस्कार. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी मालवणकडे निघतोय. मी, नववीतली लेक आणि सासष्ट वर्षांची आई. नाशिकहून गाडीने, पहिल्या दिवशी कोल्हापूरला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उतरून खाली. राहायला देवबागला घरगुती सोय झाली आहे. इथपर्यंत सगळं ठीक.

आता अडचण. गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर (नाव घेत नाही) आम्ही डॉल्फिन बघायला गेलो होतो. पाच-सहा इंजिनाच्या होड्या आणि एक कळप. कुठे पाठ दिसली की सगळ्या होड्या तिकडेच वळायच्या, माणसं शिट्ट्या मारायची, डिझेलचा धूर नाकात. त्या कळपात एक पिल्लू होतं. आईला चिकटून दोनदा वर आलं, मग एक होडी मधून गेली आणि ते पुन्हा दिसलं नाही. होडीवाला म्हणाला, "पैसे वसूल झाले ना ताई?" लेक काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिने मोबाईलमधले सगळे व्हिडिओ पुसून टाकले होते. आम्ही नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघणारी माणसं. तिथे मनोऱ्यावर कुणी मोठ्याने शिंकलं तरी आजूबाजूचे वळून बघतात.

तर तिचं म्हणणं, या वेळी कयाकनेच जायचं. इंजिन नाही, धूर नाही. आम्ही दोघींनी गंगापूर धरणाच्या पाण्यात चार-पाच वेळा कयाक चालवली आहे, पोहायला सावरकर तरण तलावावर शिकलोय. हे समुद्रासाठी पुरेसं आहे का? त्या भागात कयाकमधून डॉल्फिन खरंच दिसतात, की ते फक्त जाहिरातीतल्या फोटोपुरतं? सोबत येणाऱ्या गाइडला आधी काय विचारायचं? आणि आईला किनाऱ्यावर नुसतं बसवून ठेवायचं जिवावर येतं. तिचे गुडघे वाकत नाहीत, पण उत्साह आमच्या दोघींपेक्षा जास्त आहे.

खडूस_पंचवटी

सहाशे किलोमीटर गाडी हाकून वल्ही मारायची? रामकुंडावर या, फुकट सोय करतो.

बाकी गंभीरपणे : धरणाचं पाणी आणि समुद्र यांची तुलना करू नका. धरणात वल्हं थांबवलं की तुम्ही थांबता, समुद्रात थांबत नाही.

वल्हेकरी

खडूसरावांचं दुसरं वाक्य सोन्याचं आहे.

ताई, मी पंधरा वर्षं हौसेने कयाक चालवतो, त्यातली बरीच कोकणात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट वाऱ्याची. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते ना, ते तिथे अंगावर येतात. पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी काचेसारखं सपाट असतं आणि माणूस फसतो. कारण तोच वारा तुम्हाला अलगद आत ढकलत असतो. जाताना वाटतं, आपण काय झकास वल्हवतोय! परत फिरल्यावर कळतं. अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, तो किनाऱ्याकडे आणतो खरा, पण पाणी खवळतं आणि लाटा आडव्या लागायला लागतात. म्हणून सकाळी लवकर उतरायचं, दहाच्या आत बाहेर यायचं आणि सबंध वेळ किनाऱ्याला समांतर राहायचं. आभाळ निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेलच असंही नाही. दूरवरच्या वादळाच्या लाटा लख्ख उन्हातही येऊन धडकतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यानुसार लाटांचा अंदाज देते, तो आदल्या रात्री बघून ठेवा.

दुसरं, कयाक कुठली ते विचारा. पर्यटकांना बहुतेक ठिकाणी वर बसायची, बंद पोटाची कयाक देतात. ती उलटली तरी बुडत नाही, नवख्यांना तीच बरी. पण उलटलेली कयाक सुलटी करून पाण्यातून परत वर चढता आलं पाहिजे. कडेला धरून पाय मारायचे, पोटावर आडवं पडायचं, मग वळून बसायचं. हे धरणात कुणी जाणकार सोबत असताना दहा वेळा मुद्दाम उलटून करा. लेकीला मजा येईल, तुम्हाला पाचव्या वेळी दम लागेल. तो दम लागला की समुद्राचा अंदाज येतो.

लाइफ जॅकेट घातल्यावर लेकीला सांगा की खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, दुसरं मागा. लाजू नका.

अवांतर : आपल्या जिल्ह्याला वल्ह्यांचं वावडं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला गेलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. पाण्याची बोंब असलेल्या तालुक्यातून माणूस थेट ऑलिंपिकच्या पाण्यात. फक्त त्याच्या खेळात पाठ पुढे करून जातात, कयाकमध्ये तोंड पुढे. तुम्हाला डॉल्फिन बघायचेत, तेव्हा कयाकच बरी.

तिवर

डॉल्फिनबद्दल थोडं. कोकणात किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा पाठीवर उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन. कोळी त्याला गादा म्हणतात. हा उथळ पाण्यातला, खाड्यांच्या तोंडाशी वावरणारा प्राणी, कारण भरती-ओहोटीबरोबर मासळी तिथे ये-जा करते. टीव्हीवर दिसतात तशा उंच उड्या याच्याकडून फारशा अपेक्षू नका. पाठ दिसते, फुस्स असा श्वासाचा आवाज येतो आणि गेला. इंजिनाच्या होडीतून तो आवाज कधीच ऐकू येत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत ही जात धोक्यात आलेली आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. गढूळ पाण्यात तो कानाने बघतो म्हणा ना. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून मासा शोधतो. अशा प्राण्याभोवती पाच इंजिनं फिरवणं म्हणजे काय, ते तुम्ही पाहिलंच आहे.

पण कयाक शांत आहे म्हणून ती निरुपद्रवी, असं समजू नका. उलट आवाज न करता अचानक जवळ गेलं तर प्राणी दचकतो. पन्नास मीटर लांब थांबायचं, समोरून किंवा मागून न जाता बाजूला राहायचं आणि अधूनमधून वल्ह्याने कयाकवर टकटक करायची, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. पिल्लू दिसलं तर थांबायचंही नाही, निघायचं. त्याला जवळ यायचं असेल तर येईल. मी सहा वेळा गेलोय, दोनदाच दिसले.

मिसळपाव_नाही_मिसळ

मग स्कूबा करा की! मालवणात सगळे तेच करतात. प्रवाळ दिसतं, मासे दिसतात, फोटो पण मस्त.

तिवर

@मिसळ : जरूर करावं, पण धागा वेगळा आहे. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळावर लोक पाय देऊन उभे राहतात ते बघून माझी हौस संपली.

देवबागकर

गोदाकाठची ताई, मी गावचाच. धंदा नाही माझा, त्यामुळे खरं ते सांगतो.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, आणि दक्षिण टोकाला दोघांचा संगम. गादे तिथे येतात, पण तुम्ही कयाक घेऊन त्या मुखावर जायचं नाही. ओहोटीला सगळ्या खाडीचं पाणी त्या एका तोंडातून बाहेर पडतं. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकतीचं पाणी आणि सकाळचा वारा, दोघांची ओढ एकाच दिशेला, म्हणजे बाहेर. त्यात समोरून लाट आली की तोंडावर पाणी फुटतं. आमची पोरं तिथे वेळ बघून जातात. समुद्राक घाई चलणा नाय.

म्हणून माझं मत, दोन गोष्टी वेगळ्या करा. कयाक खाडीत चालवा, डॉल्फिन किनाऱ्यावरून बघा. सकाळी उजाडताना दुर्बीण घेऊन वाळूत खुर्ची टाकून बसा. पक्षी बघणारी माणसं आहात, तासभर एका जागी बसायची सवय असेल. दिसले तर किनाऱ्यावरून छान दिसतात, आणि त्यांना कुणाचा त्रास नाही. हे काम आईंना द्या.

खाडीत लेकीला कंटाळा येईल असं वाटत असेल तर तसं नाही. कांदळवनात शिरल्यावर आवाजच बंद होतो. चिप्पीच्या झाडाची वर आलेली मुळं, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या, एकच नांगा मोठा असलेले खेकडे. काळ्या डोक्याचा खंड्या हमखास, वरती ब्राह्मणी घार, कधी समुद्री गरुड. पाणमांजर दिसलं तर नशीब. पायात बूट घालाच. खडकांवर कालवं असतात, ती ब्लेडसारखी कापतात आणि जखम लवकर भरत नाही.

गाइडला एवढंच विचारा की तू स्वतःच्या कयाकमध्ये असणार का, आणि एका वेळी किती कयाक सांभाळणार. चार-पाचच्या वर म्हणाला तर दुसरा बघा. ओढायला दोरी आहे का, तीही दाखवायला सांगा. "शंभर टक्के डॉल्फिन दाखवतो" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार.

गोदाकाठची

काय लिहिलंय सगळ्यांनी! लेकीला वाचून दाखवलं. ती आधी हिरमुसली, मग निवटी म्हणजे काय ते शोधत बसली, आता बरी आहे.

देवबागकर दादा, आईला खुर्ची-दुर्बिणीचं सांगितलं. तिचं उत्तर : "म्हणजे मला राखणीला बसवताय." तिलाही पाण्यात जायचं आहे. कयाक इतकी खाली असते की तिला बसता येईल, उठता येणार नाही. काही मार्ग?

सावंतवाडीची_सून

वेंगुर्ल्याला न्या त्यांना! मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. इंजिन नाही. बसायला फळी असते, त्यामुळे गुडघे दुमडावे लागत नाहीत. झाडांची नावं त्या अशी सांगतात की आपल्याला आपली सोसायटीतली माणसं इतकी माहीत नसतात. माझ्या सासूबाई सत्तरीच्या, जाऊन आल्या आणि आता प्रत्येक पाहुण्याला तिवर आणि कांदळातला फरक समजावतात. देवबागहून तास-दीड तास धरा. जमलं तर तिथल्या वायंगणी किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची चौकशी करा. पिल्लं बाहेर येण्याचा हंगाम तेव्हा सुरू होत असतो, पण तारीख कुणी देऊ शकत नाही. गेलात तर टॉर्च आणि फ्लॅश बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, भलतीकडे वळतात.

गोदाकाठची

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. आईचं ठरलं, वेंगुर्ला नक्की.

आता शेवटचा प्रश्न, खाडीत उतरायची वेळ. देवबागला आम्ही शनिवार-रविवार आहोत. भरतीचं गणित मला जमत नाही, नेटवर मुंबईचे आकडे मिळतात.

देवबागकर

कॅलेंडर काढा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. मग साधारण सहा तासांनी सुकती पूर्ण. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. आमच्याकडे वेळ मुंबईच्या थोडी आधी असते, आणि मुंबईएवढं पाणी चढत नाही. पण दिवस ठरवायला हे पुरतं. नेमकी वेळ तिथे आल्यावर विचारा.

गोदाकाठची

हे आईनेच केलं. चष्मा लावून, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून. शनिवारी दशमी, म्हणजे साडेसात. रविवारी एकादशी, सव्वाआठ. ती म्हणते रविवार घ्या. सातला उतरलात तर उरलेली भरती तुम्हाला खाडीत वर नेईल, सव्वाआठनंतर पाणी परत आणेल, वल्हं मारायचे कष्ट निम्मे. बरोबर आहे का तिचं? जन्म गेला नाशिकमध्ये, समुद्र पाहिलाय दोनदा.

देवबागकर

शंभर टक्के बरोबर. फक्त परतताना गाइडला आधीच सांगा की संगमाच्या बरंच अलीकडे, घाटाशी बाहेर काढ. पाणी आणतं ते आपल्याला हवं तिथे थांबवत नाही. वाटेत अडकलात तर कडेच्या झाडांच्या आडोशाने या, मधोमध येऊ नका.

आणि आईंना सांगा, गावात नोकरी आहे.

खडूस_पंचवटी

एकादशीला मालवणात? मासे कोण खाणार मग?

गोदाकाठची

@खडूस : आईचा उपास, आमचा नाही. शिवाय शनिवार आहेच की.

देवबागकर दादा, सातला पाण्यात म्हणजे सहाला उठून काहीतरी पोटात हवं. इतक्या पहाटे तिथे काही मिळतं का?

देवबागकर

हॉटेलं उघडत नाहीत तेवढ्यात. ज्यांच्याकडे उतरताय त्या वहिनींना रात्री जेवतानाच सांगून ठेवा. घावणे आणि चहा करून देतील. आईंसाठी साबुदाणा मात्र नाशिकहून भिजवून नका आणू, इथेही मिळतो.