स्त्रीत्वावरील मांडणशिल्पात प्रेक्षकांचा सहभाग खरा कसा व्हावा?

प्रश्न : शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी

नमस्कार. मी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजीची नऊ लुगडी वळणीवर टाकून, त्यांच्यामधून प्रेक्षकांना वाट काढावी लागेल असे मांडणशिल्प मी केले. वाटेच्या शेवटी कोरे कागद आणि चिमटे ठेवले होते. 'स्त्रीत्व म्हणजे काय?' याचे उत्तर लिहून ते लुगड्याला अडकवायचे, अशी कल्पना होती. दोन दिवसांत साठेक चिठ्ठ्या जमल्या, पण बहुतेकींवर 'त्याग', 'शक्ती', 'ममता' एवढेच होते. एक मावशी मात्र एका लुगड्याचा पदर बराच वेळ नाकाशी धरून उभ्या राहिल्या आणि काहीही न लिहिता निघून गेल्या. ज्यांच्यासाठी हे केले त्यांचेच म्हणणे हाती आले नाही, याची रुखरुख लागली आहे. माझे कुठे चुकले?

उत्तर १ : कलाशिक्षिका

आपला प्रश्न फार मोठा आहे आणि मोठ्या प्रश्नाला माणसे भाषणातली उत्तरे देतात. मेक्सिकोच्या कलाकार मोनिका मायर यांनी १९७८ मध्ये, विशीतच असताना, मेक्सिको शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात 'एल तेंदेदेरो', म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी, हे काम मांडले. निरनिराळ्या स्तरांतील स्त्रियांना त्यांनी गुलाबी चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट विचारली होती : स्त्री म्हणून या शहरातले तुम्हाला सर्वांत जास्त काय नकोसे वाटते? त्यातून रस्त्यावरची आणि प्रवासातली छेडछाड लेखी पुढे आली. पुढे अनेक शहरांत ही दोरी पुन्हा बांधली गेली, कारण त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही बाईला थांबून आठवावे लागत नाही.

उत्तर २ : मुंबईतील एक चित्रकार

मी थोडा वेगळा विचार मांडतो. त्या मावशींनी पदर हुंगला, हाच सहभाग होता. तो लेखी मिळावा हा आपला हट्ट आहे. कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलाकारांसोबत केलेली 'नलपार' ही कामे अवश्य पाहा. हापशाभोवतीची जागा त्यांनी अशी घडवली की भरलेले भांडे मध्ये टेकवता येते आणि तिथून ते डोक्यावर घेताना कमरेवरचा ताण कमी होतो. तिथे बायका रोज पाणी भरतात आणि कलाकृती त्यांच्या शरीराला उपयोगी पडते. आपल्या लुगड्यांना हातांनी करण्याजोगे काही काम द्या : घडी घालणे, पिळणे, पुन्हा वाळत टाकणे.

उत्तर ३ : प्रदर्शनांत स्वयंसेवक

एक काळजी आवर्जून घ्यावी. आमच्या गावातील एका प्रदर्शनात अशाच चिठ्ठ्या उघड्यावर टांगल्या होत्या. एका सुनेचे अक्षर सासरच्यांनी ओळखले आणि ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. मी स्वतः ती चिठ्ठी टांगली होती, त्यामुळे हे विसरता येत नाही. चिठ्ठ्या बंद पेटीत घ्या, लिहिणाऱ्याची परवानगी असेल तरच त्या आपल्या अक्षरात उतरवून लावा आणि त्यांचे फोटो काढू देऊ नका.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. अक्षराचा विचार मला शिवलाही नव्हता. पुढच्या मांडणीत बंद पेटी असेल, लुगड्यांच्या घड्या प्रेक्षक घालतील आणि त्या घालताना एवढेच विचारीन : तुमच्या घरी काल शेवटी कोण जेवले आणि तिच्या पानात काय होते?