मदत हवी आहे: इनस्क्रिप्शनमध्ये प्रॉस्पेक्टरची दुसरी मेणबत्ती विझत नाही

एक्का_पंचवटी:
खेळ इनस्क्रिप्शन (पत्त्यांचा संगणक-खेळ), पीसीवर. पहिला अंक, प्रतिस्पर्धी लेशीची झोपडी. केसीज मॉड नाही, मूळ खेळच. पहिला सरदार प्रॉस्पेक्टर, त्याच्या दोन मेणबत्त्या म्हणजे दोन जीव. पहिली आरामात विझते. मग तो कुदळ घालतो, पटावरची सगळी पानं सोन्याची ढेकळं होतात आणि समोर ब्लडहाउंड येतात. दोन-तीन डावांत तराजू (त्यावर मार मोजतात) माझ्या बाजूला पडतो, म्हणजे हरतो.

कॅट १८ पानांचा आहे: स्टोट, बुलफ्रॉग, लांडगे २, ग्रिझली २, मूस, एल्क, मांजर, मॅन्टिस, चिमण्या २, काळी बकरी, ॲडर, बीव्हर, सशाची कातडी ३. वाटेत एक बळीची शिळा (एक पान मारून त्याची शक्ती दुसऱ्यावर चढवायची) आणि एक शेकोटी (पान शेकून बळकट करायचं) लागते. कोणाला काय द्यावं? तिजोरी अजून उघडलेली नाही. कृपया पुढची गोष्ट फोडू नका.

गोडी_बहार:
१८ पानं फार झाली. सुरुवातीला हातात मुख्य कॅटमधली ३ पानं आणि एक खार (बळी द्यायचं फुकट पान) येते. हवं ते एक पान त्या तिनांत असण्याची शक्यता १८ पानांत साधारण १७ टक्के, १० पानांत ३० टक्के. आपल्याकडे द्राक्षाला विरळणी करतात ती उगाच नाही. वेलीवर घड जास्त राहिले की एकाचाही मणी धड फुगत नाही.

दुसरं म्हणजे उचल. दर डावाला एकच पान उचलता येतं, मुख्य कॅटमधून नाहीतर खारींच्या गठ्ठ्यातून. ३ रक्ताची, म्हणजे उतरवायला तीन बळी मागणारी ग्रिझली म्हणजे ती स्वतः एक उचल आणि खारी तीन, एकूण ४ उचली. मूस धरून अशी ३ पानं तुमच्याकडे आहेत. १ आणि २ रक्ताच्या पानांवर लढा. नकाशावर रस्ता निवडताना 'नवीन पान' असलेल्या जागा टाळा आणि शिळा किंवा मायकोलॉजिस्ट असलेल्या वाटा धरा. मायकोलॉजिस्ट दोन सारखी पानं शिवून एक करतात, ताकद आणि जीव दोन्हींची बेरीज होते. दोन लांडगे ३/२ चे (ताकद ३, जीव २), ते ६/४ चा एक होतील, आणि कॅटही एकाने घटेल.

झब्बू_बहाद्दर:
ग्रिझली काढायची गरज नाही, बकरी आणि मांजर दोन्ही हातात असताना तर मुळीच नाही. बकरीचं 'वर्दी सॅक्रिफाइस' चिन्ह (पानाची खास शक्ती) म्हणजे एका बळीत ३ रक्त. मांजराचं 'मेनी लाइव्ह्ज' म्हणजे बळी दिला तरी ते पटावरच राहतं. शिळेवर बकरी मारून तिचं चिन्ह मांजरावर चढवा. मग एका खारीच्या बळीवर मांजर उतरतं आणि त्याच डावात त्याच मांजरावर ग्रिझलीही उतरते. पुढच्या डावात मूस. हे जमलं की उचलीचं गणितच बदलतं.

अट एकच. एका पानावर असं चिन्ह एकदाच चढतं, नंतर पश्चात्तापाचा उपयोग नाही. आणि मांजराचे ९ बळी झाले की ते ३/६ चं मेलेलं मांजर होतं. वाईट नाही, पण मोजत राहा.

गोडी_बहार:
मान्य, मी बकरी वाचलीच नव्हती. पण प्रॉस्पेक्टरपुढे याच युक्तीत एक खोट आहे. बळी देऊनही मांजर पटावरून हटत नाही, म्हणून कुदळ पडते तेव्हा तेही सोनं होतं. दुसऱ्या मेणबत्तीला मांजर नाही असं धरूनच चला. लढाई संपली की पान कॅटमध्ये परत येतं, कायमचं नुकसान नाही.

रात्रपाळी_सातपूर:
मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. कुदळ पहिली मेणबत्ती विझताक्षणी पडते, आणि त्या घटकेला जे पटावर असेल तेच सोनं होतं. हातातल्या पानांना काही होत नाही. म्हणजे हा सगळा खेळ हुकूम राखून ठेवण्याचा आहे.

तराजू ५ ने कलायला किती उरलं ते मोजा. ३ वर आला की नवीन जड पान उतरवणं बंद. शेवटचे २ पटावरच्या किरकोळ पानांनी मारा. हातात निदान एक लांडगा आणि दोन खारी ठेवा. लांडगा २ रक्ताचा, म्हणजे कुदळीनंतर पहिल्याच डावात खारी-खारी-लांडगा होतं. ब्लडहाउंड २/३ चा असतो, लांडग्याच्या एका फटक्यात मरतो. पटावरची मोठी पानं तशीही जाणारच, तर शेवटचा फटका मारण्याआधी त्यांचाच बळी देऊन आणखी काही उतरवता येतं का पाहा. प्रत्येक मेलेल्या पानामागे एक हाड मिळतं (काही पानांची किंमत हाडांत असते) ते वेगळं.

ढेकूळ ०/२ चं. मारत नाही, पण समोरचा मार खातं. म्हणून एक-दोन खारी मुद्दाम सोन्याच्या होऊ द्या, त्या ढालीसारख्या वापरता येतात. चारही घरं मात्र भरू नका. ढेकूळ घर अडवून बसतं आणि तिथून तराजूवर शून्य जातं.

ब्लडहाउंडचं 'गार्डियन' चिन्हही लक्षात घ्या. पटाच्या त्याच्याकडच्या एखाद्या रिकाम्या घरासमोर पान टाकलंत की तो सरकून त्या घरात येतो. आधी फालतू पान टाकून त्याला तिकडे ओढा, मग मोकळ्या झालेल्या घरासमोर खरं पान टाका.

पहिल्या मेणबत्तीत खेचर येतं, ०/५ चं. वेळ असेल तर ते मारा, त्याच्या ओझ्यातली पानं तुमच्या हातात येतात. राखीव हात भरायला याहून सोपी वाट नाही.

एक्का_पंचवटी:
खेचर मी दरवेळी सोडून देत होतो. शेकोटीवर काय ठेवू? मागच्या वेळी शेकोटीवरच्या लोकांनी लांडगा खाल्ला.

झब्बू_बहाद्दर:
पहिली शेक सुरक्षित असते, दुसऱ्यांदा ठेवलंत तर जुगार. शेकोटी ताकदीची असेल तर +१, जिवाची असेल तर +२. ताकदीची मिळाली तर मॅन्टिस ठेवा. ते दोन बाजूंच्या घरांवर मारतं, म्हणून +१ चे प्रत्यक्षात दोन होतात. हाच हिशोब पुढे मॅन्टिस गॉड मिळालं तर तिप्पट होतो. ते १ रक्ताचं, १/१ चं, तीन घरांवर मारणारं. एक शेक दिली की २ गुणिले ३, म्हणजे ६. समोर रिकामं असेल तर एका डावात तराजू खाली. मधल्या दोन घरांतच ठेवा, काठावर एक फटका वाया जातो.

ॲडर शेकोटीवर ठेवून खायला घातलात तर विषाने ती माणसं मरतात आणि पुढच्या शेकोट्या बिनधास्त होतात. पण ते त्याला खातीलच असा नेम नाही.

गोडी_बहार:
एक शिळा आणि एक शेकोटी एवढंच असेल तर ॲडर जाळू नका. १/१ चा असला तरी ज्याला चावतो तो मरतो, आणि पुढचा सरदार अँगलर, त्याच्यापुढे असं पान लागतं.

रात्रपाळी_सातपूर:
अँगलरबद्दल दोन ओळी, कारण लगेच तोच येईल. तो शेवटी उतरवलेल्या पानावर गळ रोखतो. चांगलं पान आधी टाका, खार सगळ्यात शेवटी. तो खार ओढून नेईल, नेऊ द्या. दुसऱ्या मेणबत्तीला बादल्या येतात. बादली फुटली की तिथे ४/२ चा शार्क. तुमच्या डावात तो पाण्याखाली असतो, म्हणून त्याच्या घरातून फटका थेट तराजूवर जातो, पण त्याच्या डावात ४ बसतात. तुमच्या चिमण्या उडतात, बादलीला हातच लावत नाहीत. त्या जपा.

आणि तुमचा एक घोटाळा वर्णनावरूनच दिसतो. तराजू म्हणजे जीव नव्हे, फरक आहे. तुम्ही ३ मारलेत की तुमचेही ३ वाचतात. सगळी घरं अडवत बसण्यापेक्षा एक घर मोकळं सोडून मार देणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

एक्का_पंचवटी:
आणि कातडी? तीनही शिळेवर घालू का?

झब्बू_बहाद्दर:
शिळेवर नको, तो मान बकरीचा. ट्रेडरची जागा लागली की तिथे कातड्यांची पानं होतात. तिसरा सरदार ट्रॅपर, तो दुसऱ्या मेणबत्तीला ट्रेडर होतो आणि पट भरून पानं मांडतो. एका कातड्याला एक पान, सशाचंही चालतं, न घेतलेली पानं तुमच्यावर चाल करतात. पण ते दोन नकाशे पुढे. आत्ता प्रॉस्पेक्टरपुढे ती तीन पानं म्हणजे तीन वाया गेलेल्या उचली. बदलून टाका, पुढे परत घ्या.

तिजोरीचं उत्तर नियमांच्या पुस्तकात आहे. टेबलावरच आहे, नीट पानं उलटा. यापेक्षा जास्त सांगत नाही.

एक्का_पंचवटी:
आणि हरलो तर सगळं शून्यावर?

रात्रपाळी_सातपूर:
कॅट शून्यावर, पण फोटोच्या वेळी एक मृत्यूपान बनतं. आधी खर्च निवडायचा, मग ताकद-जीव, मग चिन्ह, शेवटी नाव. खर्च सगळ्यात कमी असलेल्या पानाचा घ्या, बाकी सौदा त्यानंतर. ते पान पुढच्या फेरीत निवडीला येऊ शकतं. म्हणून मरायची वेळ आलीच तर कॅटमध्ये एखादं स्वस्त पान असू द्या.