शब्दचर्चा : ‘खरे जीवाणू’ यातले ‘खरे’ कशासाठी?

विचारणा :
गोबरगॅसवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘युबॅक्टेरिया’ हा शब्द आला. त्यासाठी ‘खरे जीवाणू’ हा प्रतिशब्द मला सापडला, परंतु तो वाचताना जीवाणूंमध्ये काही खोटेही असतात की काय, असे वाटते. हा शब्द ठेवावा की बदलावा? शिवाय ‘जीवाणू’ लिहावे की ‘जिवाणू’, याचाही खुलासा व्हावा.

उत्तर १ :
ग्रीक ‘यु’ या उपसर्गाचा मूळ अर्थ ‘चांगले, नीट’ असा आहे. युकॅलिप्टस म्हणजे ‘नीट झाकलेले’. शास्त्रीय नावांत त्याला पुढे ‘अस्सल’ ही छटा आली. संस्कृत ‘सु’ हा त्याचाच भाऊबंद, पण म्हणून ‘सुजीवाणू’ असा शब्द घडवला, तर वाचकाला दह्याच्या विरजणातले उपकारक जीवाणू तेवढे आठवतील आणि तितकेच अस्सल असलेले क्षयाचे व पटकीचे जीवाणू त्यातून वगळले जातील.

‘खरे’ हे विशेषण कोणापासून वेगळेपण दाखवते, हे वर्गीकरणाच्या इतिहासात पाहावे लागते. व्हिटेकर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीत सर्व आदिकेंद्रकी सजीव ‘मोनेरा’ या एकाच सृष्टीत होते. पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक नाही, एवढाच त्यांना जोडणारा धागा होता, आणि एखादी गोष्ट नसणे हा नात्याचा पुरावा कितपत मानावा, ही शंका रास्तच होती. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या घटकातील) आरएनएची तुलना केली, तेव्हा मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव इतर जीवाणूंपासून फार दूरचे निघाले. त्यांना ‘आर्किबॅक्टेरिया’ आणि उरलेल्यांना ‘युबॅक्टेरिया’ म्हटले गेले. म्हणजे ‘खरे’ याचा अर्थ येथे ‘आर्किबॅक्टेरिया नव्हेत ते’ इतकाच आहे.

पुढे १९९० मध्ये वूज, कँडलर आणि व्हीलिस यांनी सजीवांचे बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया असे तीन डोमेन, म्हणजे वर्गीकरणातले सर्वांत वरचे गट, सुचवले. आर्कियाच्या नावातून ‘बॅक्टेरिया’ हा भाग त्यांनी जाणूनबुजून काढला, कारण आर्कियांचे नाते जीवाणूंपेक्षा आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी (पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असलेल्या) सजीवांशी अधिक जवळचे दिसत होते. दुसरे कोणी ‘बॅक्टेरिया’ उरलेच नाहीत, तेव्हा ‘खरे’ म्हणण्याचे कारणही उरले नाही. माझ्या मते नुसते ‘जीवाणू’ पुरेसे आहे.

उत्तर २ :
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण जुन्या लेखनाचा अनुवाद असेल, तर ‘युबॅक्टेरिया’ हा शब्द निदान एकदा यायलाच हवा. अन्यथा लेखक कोणत्या काळातली विभागणी गृहीत धरतो, हे वाचकाला कळणार नाही.

आर्कियांसाठी ‘आदिजीवाणू’ हा शब्द मात्र टाळावा. आपल्याकडे अमीबासारख्यांना ‘आदिजीव’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ अटळ आहे. शिवाय ‘जीवाणू’ हे नाव पुन्हा मागच्या दाराने आत येते. याउलट नील-हरित शैवाल नावाने शैवाल असले, तरी वर्गीकरणात ते जीवाणूच आहेत. जीवाणूंच्या पेशीभित्तिकेत सहसा पेप्टिडोग्लायकन असते आणि आर्कियांत ते नसते, हा फरक ओळखीसाठी चांगला आहे. पेनिसिलिनचा मारा या द्रव्याच्या घडणीवरच होतो. पण मायकोप्लाझ्माला मुळी भित्तिकाच नाही आणि तरीही तो जीवाणूच आहे, तेव्हा एवढ्या एकाच खुणेवर व्याख्या बेतू नये.

लेखनाबद्दल : जीव आणि अणू यांच्या संधीने झालेला हा तत्सम शब्द असल्याने ‘जीवाणू’ हेच योग्य. ‘जिवाला’, ‘जिवाचे’ या रूपांच्या सवयीने ‘जि’ ऱ्हस्व होतो, तो येथे लागू नाही. समासात पूर्वपद म्हणून आल्यास मात्र शेवटचा उकार ऱ्हस्व राहतो : जीवाणुनाशक, जीवाणुशास्त्र.

विचारणाकर्त्याकडून :
दोघांचेही आभार. पहिल्या उल्लेखात ‘जीवाणू, म्हणजे जुन्या परिभाषेतील युबॅक्टेरिया’ असे लिहून पुढे केवळ ‘जीवाणू’ ठेवतो. ‘शेण कुजवून मिथेन तयार करणारे जीवाणू’ हे माझे वाक्यही चुकले होते, हे या निमित्ताने लक्षात आले. आता ते असे केले आहे : ‘शेणातील द्रव्यांचे विघटन आधी जीवाणू करतात, शेवटच्या टप्प्यात मिथेन तयार करतात ते आर्किया.’