अ‍ॅक्युपंक्चर घेतलंय? अनुभव सांगा

आईचे गुडघे फार दुखतात. ऑपरेशन इतक्यात नको, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्या काकूंनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय, पण आईला सुयांची धास्ती. गुण आला असो वा नसो, मोकळेपणाने लिहा.

शांघायहून:
नोकरीमुळे इथे राहतो. चिनी उपचारांची मोठाली सरकारी रुग्णालयं आहेत, त्यात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा विभाग असतो. माझी मान धरली होती. डॉक्टरबाईंनी आधी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांची नाडी. सुई केसासारखी बारीक, टोचल्याचं जेमतेम कळलं. मग त्या ती हलकेच फिरवत ‘जड वाटतंय का, झिणझिण्या येतायत का’ विचारत राहिल्या. हो म्हणेपर्यंत सोडलं नाही! याला इथे ‘द छी’ म्हणतात. ते जाणवल्याशिवाय सुई लागू पडली असं मानत नाहीत. नंतर दवण्याच्या जातीतल्या वाळक्या पानांची कांडी पेटवून शेक दिला. कपड्यांचा धुरकट वास लवकर जात नाही, पण मान वळू लागली.

नाशिकहून:
केमोच्या वेळी मळमळीने जीव नकोसा झाला होता. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर ‘नेइग्वान’ बिंदू आहे, तिथे सुई घेत होते. पोटात अन्न टिकायला लागलं. उलटीच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे सगळं श्रेय सुईला देत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून आणि रक्ताचे रिपोर्ट दाखवूनच सुरू केलं होतं.

ठाण्याहून:
मला गुण आला नाही. मणक्यातली चकती सरकून पाय दुखत होता. ‘ऑपरेशन नक्की टळेल’ असा शब्द उपचार करणाऱ्यांनी द्यायला नको होता. त्या भरवशावर बरेच दिवस गेले, शेवटी ऑपरेशन झालंच. असा शब्द कुणी दिला तर सावध व्हा.

सोलापूरहून:
अर्धशिशीसाठी घेते. डोकं पूर्वीपेक्षा कमी वेळा उठतं. आमच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. विजयकुमार बसू होते. त्यांनीच पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती भारतात आणली, याचं मला फार अप्रूप आहे.
ताई, आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुया सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढायला लावा. आणि उपाशीपोटी नेऊ नका, चक्कर येते.